पडायची मुभा

जेवणं उरकून अर्धा तास झाला तरी टेबलावरून कोणी उठेना. ताटं तशीच पडली होती, हात वाळून गेले होते आणि सगळ्यांच्या मधोमध ते दोन कागद होते. पंख्याने उडू नयेत म्हणून चिमणीने त्यांच्यावर काचेचं एक जाड बूच ठेवलं होतं.

दोन्ही पत्रं खरं तर चिमणीच्या फोनवर आली होती. पण कागदावर उतरल्याशिवाय या घरात कुठलीच गोष्ट खरी वाटत नसे, म्हणून तिच्या आत्याने, ताईने, काल ती छापून आणली. एक पत्र मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीचं होतं. काचविभागाची प्रमुख, कायमची नोकरी, आवारातच राहायला घर. दुसरं समुद्रावर संशोधन करणाऱ्या संस्थेचं, विमानाने अकरा तास लांबच्या किनाऱ्यावरून आलेलं. खोल पाण्यात उपकरणं नेणारे पोकळ काचेचे गोळे त्यांना बनवून हवे होते. काम दोन वर्षांचं. पुढे संस्था चालेल की नाही, हे पत्र लिहिणाऱ्यालाच माहीत नव्हतं आणि त्याने ते लपवलंही नव्हतं. गेल्या वर्षी चाचणीच्या टाकीत दोन गोळे फुटले, हेही त्याने लिहिलं होतं. दोघांनाही सोमवारी उत्तर हवं होतं. आज रविवार.

चिमणीच्या बापाने, ठोकळ्याने, आपला उजवा डोळा त्या दुसऱ्या कागदावर रोखला. डावा वीस वर्षांपूर्वीच गेला होता. नदीपलीकडे मोठी भट्टी उभारायचं वेड त्याने तेव्हा घेतलं, आणि सातव्या महिन्यात भट्टी फुटली. आज, अठ्ठावन्नाव्या वर्षी, शहरातल्या निम्म्या प्रयोगशाळांचे चंबू आणि नळ्या त्याच्याच फुंकरीतून निघत होत्या. बाहेरचे लोक त्याला मास्तर म्हणत. घरात मात्र तो ठोकळ्याच. आबांनी ठेवलेलं नाव ते. आबांनी तिन्ही पोरांची वाटणी त्यांच्या लहानपणीच करून टाकली होती : डोकं थोरल्याला, छाती धाकट्याला आणि मधलीला दोघांची काळजी. आबा जाऊन तीस वर्षं झाली, पण वाटणी काही कोणी बदलली नाही.

"यात एवढी चर्चा कसली?" ठोकळ्या म्हणाला. "कंपनी. झालं."

पाणी ओतता ओतता त्याच्या बायकोचा हात थांबला. सत्तावीस वर्षांच्या संसारात 'कायमची नोकरी' हे शब्द नवऱ्याने कधी नाक मुरडल्याशिवाय उच्चारले नव्हते.

"अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, सूर्य कुठून उगवला म्हणते मी आज." ती मनापासून हसली. कित्येक दिवसांनी. "दादा, आता तुम्ही हिला एकदा नीट समजावून सांगा, म्हणजे मी टेबल आवरायला मोकळी."

सगळे दादाकडे वळले. नेहमीच वळत. दादा त्रेसष्टाचा. महाविद्यालयात पस्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला. लग्नाचाही विचार करता करता ते राहूनच गेलं होतं. घरच्या काचेच्या कामशाळेचं प्रत्येक रेखाटन त्याच्याच पेन्सिलीतून उतरायचं. काच किती जाड हवी, किती तास हळूहळू निववायची, घाई केली तर तडा कुठून जाईल, हे तो कागदावर आधीच सांगायचा, आणि तडा तिथूनच जायचा. फुंकनळीला मात्र त्याने तरुणपणीच रामराम ठोकला होता.

ठोकळ्याला भावाच्या उत्तराची चिंता नव्हती. दादा बोटांवर मोजत कारणं सांगणार, सांगत राहणार आणि शेवटी पोरगी कंटाळून हो म्हणणार.

"तिने समुद्राकडे जावं," दादा म्हणाला.

"कुठे?"

"त्या संस्थेत. जावं तिने."

"दादा, तुम्ही?" चिमणीच्या आईने पाण्याचा जग टेबलावर आदळलाच. "पाऊस येईल म्हणून एक आणि ती मोडेल म्हणून दुसरी, अशा दोन छत्र्या नेणारे तुम्ही?"

चिमणीला हसू आलं, पण बापाचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

"मी पत्र तीनदा वाचलंय," दादा शांतपणे म्हणाला. "ते गोळे घाईने निववले असणार, दुसरं काही नाही. हिच्या हातून ती चूक व्हायची नाही."

"आणि संस्थाच बंद पडली तर?"

"तर परत येईल."

"तर परत येईल!" ठोकळ्याचा आवाज चढला. "किती सोपं आहे रे तुला! एका डोळ्यावर पट्टी बांधून या दारातून आत आलो होतो मी. ही सहा वर्षांची होती, मला बघून पलंगाखाली लपली. परत येणं काय असतं ते मला विचार. तू कधी आलायस कुठून परत? परत यायला आधी जावं लागतं, दादा."

बोलून झालं आणि ठोकळ्याला वाटलं, हे शेवटचं वाक्य आपण बोलायला नको होतं.

*

ताईने पाहिलं, दादाने नुसता चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

ती एकसष्टाची. कमी वयात नवरा गेल्यावर याच घरी परत आलेली. गेली तीस वर्षं ती फिरत्या चाकापाशी बसून बाटल्यांची बुचं घासत होती. बूच आणि बाटलीचं तोंड एकमेकांत इतकं घट्ट बसवायचं, की मधून हवाही जाऊ नये. त्या कामाने तिला दोन माणसांच्या मधली फट ओळखायची सवय लावली होती.

"खरंय," दादा म्हणाला. "मी गेलो नाही. म्हणूनच सांगतोय."

"कुठे गेला नाहीत, काका?" चिमणीने विचारलं.

ताईनेच सांगितलं. "याच संस्थेत. चाळीस वर्षांपूर्वी. आबांनी तिकडे काचेच्या नळ्या पाठवल्या होत्या. त्यांची रेखाटनं कोणी काढली, असं त्यांनी विचारलं. दादा तेविसाचा होता. त्यांनी बोलावलं त्याला. दोन वर्षांसाठीच."

"हीच संस्था?"

"तेव्हा एकच इमारत होती," दादा म्हणाला. "पांढरी, टेकडीवर. आता तीन झाल्यात. उत्तरेकडे बोटींचा धक्का आहे, त्याला गेल्या वर्षी नवीन छप्पर घातलंय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"फोनवर नकाशा असतो ना. वरून दिसतं सगळं." तो जरासा ओशाळला. "रविवारी बघतो कधीतरी."

कधीतरी! ताईच्या मनात आलं, दर रविवारी जेवण झाल्यावर हा आपल्या खोलीचं दार ओढून घेतो, आणि आपण सगळे म्हणतो, दादा झोपलाय, आवाज करू नका.

ठोकळ्याचा आवाज उतरला. "मला वाटायचं, तू घाबरलास तेव्हा."

"घाबरलोच. वहीत कारणं लिहून काढली होती न जाण्याची. एकतीस निघाली. आजही काढून बघितली तर एकही खोटं नाही." त्याने चष्मा चढवला. "डोकं चालणाऱ्या माणसाचं असंच होतं रे. तुला वाटेत एक खड्डा दिसतो, मला शंभर."

"कोणी सांगितलं तुला, मला एकच दिसतो म्हणून?"

ठोकळ्या उभा राहिला होता. खुर्ची मागे भिंतीवर आपटली.

"सगळ्या घराला वाटतं, ठोकळ्याला अक्कल नाही, म्हणून तो उडी मारतो. नदीपलीकडची भट्टी पेटवली त्या सकाळी मी तीनदा ओकलोय. हिला विचार! गॅसची नळी कच्ची आहे, हे मला कळत होतं. पण मला कोणी कधी विचारलं, की बाबा रे, तुला काय वाटतं? नाही. पडलो की सगळे म्हणणार, पडणारच होता, ठोकळ्याच तो. मग मीही म्हटलं, मारू उडी. आणि कशाच्या जोरावर मारली माहितीय? खाली तू होतास, दादा. तुझी नोकरी होती, तुझी खोली होती, शाळेत चिमणीची फी भरायला तू होतास. तू गेला असतास ना, तर मी जन्मभर आबांच्या एकाच बर्नरपुढे परीक्षानळ्यांची बुडं वाकवत बसलो असतो."

"आणि उडी मारणाऱ्याला फक्त उडीच लक्षात राहते," त्याची बायको हळूच म्हणाली. "दवाखान्याच्या जिन्यात अठरा दिवस बसलेलं कोणी लक्षात ठेवत नाही."

ठोकळ्याने तिच्याकडे पाहिलं आणि खाली बसला.

"तुझं बरोबर आहे," दादा म्हणाला. "फक्त एक सांगतो. तू फोडलेली काच या घरात कोणी मोजली नाही. मला मात्र पहिलीपासून एकदाही चुकता आलं नाही. आबा पाहुण्यांसमोर मला उभं करून सांगायचे, हा चुकतच नाही. तेविसाव्या वर्षी पहिली चूक करायची, तीही समुद्रापलीकडे जाऊन, एवढी मोठी? नाही जमलं. नकाराचं पत्र लिहिलं, ताईजवळ टाकायला दिलं, संपलं."

संपलं नव्हतं. चाळीस वर्षं ताईने एक गोष्ट मनात दाबून ठेवली होती, आणि आज टेबलावर ही दोन पत्रं बघितल्यापासून ती जागची हलली होती.

"दादा, तू दोन दिवसांनी मला विचारलं होतंस. आठवतंय? मी अंगणात कपडे वाळत घालत होते. 'पत्र टाकलंस का?' असं विचारलंस."

"हो. टाकलं म्हणालीस."

"टाकलं नव्हतं."

ताईने कागदांवरचं बूच नीट मधोमध सरकवलं.

"माझ्या पिशवीत होतं. मुद्दामच ठेवलं होतं. मला वाटलं होतं, हा परत मागेल, आणि मागितलं की देऊन टाकायचं. मग तू खरंच आलास. तुझा चेहरा बघितला आणि मला कळलं, आता हा मागणार. आणि मग माझाच धीर सुटला रे. आबांचा खोकला वाढला होता, हा ठोकळ्या दुसऱ्यांदा नापास होऊन बसला होता. तू गेलास तर या दोघांना घेऊन मी एकटी. एकवीस वर्षांची होते मी. 'टाकलं' म्हटलं. तू गेल्यावर धावत जाऊन टपालपेटीत टाकून आले."

तिने डोळे पुसले नाहीत. वाहू दिले.

दादा तिच्याकडे बघत राहिला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो उठला, खुर्ची नीट आत सरकवली आणि म्हणाला, "कामशाळेत निववायच्या पेटीचं तापमान बघायचंय. येतो."

तो बाहेर गेला. चिमणीची आई ताईशेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. या दोघींचं कधी फारसं गूळपीठ नव्हतं. पण आज तिने ताईचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "मीही तेच केलं असतं, ताई," ती म्हणाली. "देवाशप्पथ तेच."

*

चिमणीने पाच मिनिटं वाट पाहिली आणि काकांच्या मागे गेली.

कामशाळा अंगणापलीकडे होती. रविवारचं काम बंद. बर्नर थंड, फुंकनळ्या भिंतीला उंचीप्रमाणे उभ्या, जमिनीवर झाडूनही राहिलेली काचेची बारीक भुकटी चमकत होती. काका निववायच्या पेटीसमोर बाकावर बसले होते. पेटी चालू होती, पण तापमानाच्या काट्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

ती शेजारी बसली. याच बाकावर नवव्या वर्षी ती पहिल्यांदा चढून बसली होती, आणि कंदिलाची वाकडीतिकडी चिमणी फुंकून तिने हे नाव मिळवलं होतं. फुंकायला बाबांनी शिकवलं. काच फुगते का आणि फुटते का, हे काकांनी.

"आत्या रडतेय," ती म्हणाली.

"तिला सांग, रडू नको म्हणावं."

"तुम्हीच सांगा की."

"सांगेन." त्यांनी हात चोळले. "मी आत्ता दुसराच हिशेब मांडतोय. समजा, ती तेव्हा म्हणाली असती, नाही टाकलं, हे घे. तर मी घेतलं असतं का? तिला खात्री आहे, घेतलं असतं. मला नाही. बहुतेक मी म्हटलं असतं, अजून टाकलं नाहीस? आज टाक. आणि आत निघून आलो असतो." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "चाळीस वर्षं ते पत्र मी रोज परत मागितलंय, चिमणे. पण ज्या दिवशी मागायचं होतं त्या दिवशी मागितलं असतं का, ते कळायला आता मार्ग नाही."

चिमणी त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "काका, एक विचारू? रागावायचं नाही."

"विचार."

"मी जावं असं तुम्हाला वाटतं, की तुम्हाला जायचं होतं?"

उत्तर माहीत नसलं की काका छताकडे बघत, माहीत असलं की जमिनीकडे. ते जमिनीकडे बघत होते.

"दुसरं," ते म्हणाले. "खरं सांगायचं तर दुसरंच. म्हणून माझं मत तू धरू नकोस."

तिला एकदम त्यांच्याबद्दल माया दाटून आली. बाबांच्या रागाला तिच्याजवळ उत्तर होतं. या उत्तराला नव्हतं.

"बाबांचंही धरत नाही मग," ती म्हणाली. "त्यांच्या मनात तो स्फोटच अजून चालू आहे. मी सांगू, मी काय केलं? गेल्या तीन आठवड्यांत मी इथे नऊ छोटे गोळे केले. तुम्हाला कोणालाच दाखवले नाहीत. सहा फुटले. पहिला जोडावर फुटला, मग पुढचे चार निववताना, सहावा का फुटला ते मला अजून कळलेलं नाही. सातवा, आठवा, नववा राहिले. मोठ्या मापात मला ते जमेल का? मला माहीत नाही. पाचातल्या तीन वेळा जमेल असं वाटतं. टाकीत फुटला आणि मी जवळ असले तर काय होईल, तेही मी बघून ठेवलंय. ते लोक जाड भिंतीमागून चाचणी करतात, मी विचारून घेतलं. आणि हे सगळं माहीत असूनही भीती वाटते, काका. रोज सकाळी."

"मग कंपनीत का नाही?"

"कंपनीत मला जे येतं तेच करायचंय. दहा वर्षांनी लोक मलाही मास्तर म्हणतील आणि मी रविवारी दार ओढून नकाशा बघत बसेन."

बोलून गेल्यावर ती चपापली. काकांनी मात्र मान हलवली, वर्गात बरोबर उत्तर आल्यावर हलवावी तशी.

"सहावा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"तुकडे ठेवलेत."

"दाखव नंतर." ते उठले. "चल, आत जाऊन सांग त्यांना. जे मला सांगितलंस तेच. मी मध्ये बोलणार नाही."

आत टेबल आवरलं गेलं होतं. आई आणि आत्या एकाच बाजूला बसल्या होत्या, बाबा खिडकीशी. काका दारातून सरळ आत्याजवळ गेले, तिच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला आणि शेजारी बसले.

चिमणी उभी राहूनच बोलली. नऊ गोळे, सहा फुटलेले, जाड भिंत, सगळं सांगितलं. मग म्हणाली, "मी जाणार आहे. काकांसाठी नाही आणि बाबांना खोटं पाडायला पण नाही. माझी एक अट आहे. दोन वर्षांनी मी हात हलवत परत आले, किंवा दोन महिन्यांनी आले, तर या घरात कोणी म्हणायचं नाही, 'तरी आम्ही सांगत होतो.' एकानेही नाही. ही हुशार, ही कशी चुकली, असं नको. ठोकळ्याचीच पोर ती, असंही नको. मला पडायची मुभा हवी, साधी. ती या घरात आजवर कोणालाच नीट मिळालेली नाही."

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "पलंगाखाली लपायची तू," ती म्हणाली. "भीती वाटली की." मग पदर सोडून म्हणाली, "जा. मी नाही म्हणणार काही. पण दर आठवड्याला तुझा चेहरा दिसला पाहिजे मला."

बाबांनी खिडकीकडून मान वळवली नव्हती.

"आणि माझी नळी कोण फिरवणार?" ते म्हणाले.

चिमणीला आधी कळलंच नाही. मग कळलं. मोठा चंबू करताना एकाने काचेला आकार द्यायचा आणि दुसऱ्याने नळी एकसारखी फिरवत राहायची, नाहीतर तापलेली काच एका अंगाला लोंबते. सोळाव्या वर्षापासून बाबांच्या डाव्या हाताला ती उभी होती. तिकडचं त्यांना दिसत नव्हतं. काच डावीकडे कलली की ती हळूच 'बाबा' म्हणायची, तेवढंच. या दहा वर्षांत दोघांनी कधी त्याचा उच्चार केला नव्हता.

"माणूस ठेवू आपण," ती म्हणाली.

"माणूस." त्यांनी तो शब्द नुसता उच्चारला. "माणसाला काय कळणार, मला काय दिसत नाही ते."

"मी राहतो उभा," काका म्हणाले.

बाबा आता वळले. "तू? चाळीस वर्षांत नळीला हात लावला नाहीस. तुझ्या हातून फुटेल."

"फुटेल," काका म्हणाले.

*

पहिल्या आठवड्यात दादाच्या हातून अकरा चंबू गेले.

ठोकळ्या ओरडायचा. असा ओरडायचा की रस्त्यावरची माणसं डोकावून बघत. "अरे, फिरव, फिरव! थांबलास का? विचार कसला करतोयस, फिरव!" दादाच्या मनगटांना गाठी आल्या, भुवया होरपळल्या, एकदा चष्म्याची काच तडकली. संध्याकाळी तो ताईच्या चाकापाशी स्टुलावर येऊन बसायचा आणि ती त्याच्या हाताला मलम लावायची. त्या पत्राबद्दल दोघं पुन्हा बोलले नाहीत. एकदाच, मलमाची डबी बंद करता करता तो म्हणाला होता, "तू होतीस म्हणून मला घर होतं, ताई. हेही खरंच आहे ना." ती डबी कपाटात ठेवायला गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

तिसऱ्या आठवड्यात पहिला चंबू सरळ उतरला. काच डावीकडे झुकू लागली तसा दादा "ए ठोकळ्या" म्हणाला, ठोकळ्याने मान न वळवता हात सावरला, आणि दोघांनी ती वस्तू पेटीत ठेवून दार लावलं. दादाला वाटलं, आबांना हे बघून काय वाटलं असतं? मग त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला त्याचं फारसं काही पडलेलं नाही. त्याला बरं वाटलं, आणि थोडं पोरकंही.

चिमणीचं जाणं सहा आठवड्यांनी ठरलं होतं. त्या दिवशी दुपारी टॅक्सी दाराशी येऊन उभी राहिली. एक मोठी बॅग आणि एक छोटी पेटी, एवढंच सामान. पेटीत सहाव्या गोळ्याचे तुकडे होते, कापसात गुंडाळलेले. दादाने आणि तिने तीन रविवार त्यांच्यावर भिंगं लावून घालवले होते. काही हाती लागलं नव्हतं.

आईने तिला जवळ घेतलं, सोडलं, पुन्हा घेतलं. ताईने शिदोरीची पिशवी दिली आणि विमानात हे नेऊ देत नाहीत, ते नेऊ देत नाहीत, यावर दोघींची थोडी बाचाबाची झाली. ठोकळ्या बॅग उचलायला गेला आणि ती ठेवून झाली तरी गाडीच्या मागेच उभा राहिला, झाकण उघडं धरून. चिमणी त्याच्याकडे गेली. तो तिच्या कानात काय बोलला ते कोणाला ऐकू आलं नाही. ती रडत रडत हसली.

मग ती दादाकडे आली.

"निघते, काका. काही सांगायचंय?"

सांगायचं खूप होतं. गेले सहा आठवडे झोप लागण्याआधी तो तिच्याबरोबर जात होता. टेकडीवरची ती वाट चढत होता, पांढऱ्या इमारतीचं दार ढकलत होता, आत कोणीतरी मान वर करून म्हणत होतं, आलात? या सगळ्यातलं एकही वाक्य तिला सांगण्यासारखं नव्हतं.

"एक काम करशील?" तो म्हणाला. "तिथलं मला लिहून पाठव. फोनवर नको, लिहून. पण खरं लिही. खोलीला ओल असेल, माणसं खडूस असतील, समुद्राला घाण वास येत असेल, तर तसंच लिही. मला वाईट वाटेल म्हणून लपवू नकोस. चाळीस वर्षं मी ती जागा चांगलीच असणार असं धरून चाललोय. कोणी पाहून येऊन मला सांगितलेलंच नाही."

"आणि खरंच चांगली असली तर?"

टॅक्सीवाल्याने इंजिन सुरू केलं. ठोकळ्याने झाकण लावलं. दादा पुतणीच्या चेहऱ्याकडे बघत होता आणि त्याला दिसत होतं, की ती उत्तर घेतल्याशिवाय गाडीत बसणार नाही.

"तर तेही लिही," तो म्हणाला.